कवितेची पारख कोणीं करावी?

अमेरिकेंत शिकागो म्हणून एक मोठें शहर आहे. त्या शहराच्या उत्तर भागांत ग्रीन मिल, म्हणजे हिरवी गिरणी, ह्या नांवाचा एक जुना दारूचा गुत्ता आहे. गिरणी नांवापुरतीच, तेथें दाणा दळत नाहीं, प्याले भरतात आणि गाणें-बजावणें चालतें. ह्या गुत्त्यांत १९८६ सालच्या जुलै महिन्यापासून एक नवाच प्रकार सुरू झाला. रविवारची रात्र आली कीं एक इसम उभा राही आणि आपलें नांव सांगे. नांव उच्चारतांच सगळा जमाव एका आवाजानें ओरडे, "मग काय झालें!" नवख्या पाहुण्यास वाटावें कीं ह्या गृहस्थाचा मोठाच अपमान झाला. पण तसें नव्हतें. तो इसम त्या सभेचा चालक होता, आणि ती आरोळी त्या सभेचा रिवाज होती. तूं कोण आहेस ह्याचें आम्हांस कांहीं नाहीं. तूं काय म्हणतोस तें ऐकव, मग आमचें मत सांगूं, एवढाच तिचा अर्थ.

वाचक म्हणतील, शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरीं जाणाऱ्या पत्रानें परक्या मुलखांतील गुत्त्याच्या गोष्टी कशाला सांगाव्या? प्रश्न रास्त आहे. आमचें उत्तर असें कीं, त्या गुत्त्यांत दारूखेरीज आणखी एक वस्तु होती, आणि ती वस्तु आमच्या घरांतून गेलेली आहे. कविता बरी कीं वाईट हें ठरविण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा आहे, कीं खुर्चीवर बसलेल्या शहाण्याचा, हा तो प्रश्न. ह्या प्रश्नाचा निकाल लागल्याशिवाय आमच्या मुलांच्या वह्यांतील गाणीं वह्यांतच कुजणार आहेत. म्हणून ही हकीकत थोडी विस्तारानें सांगतों.

मार्क स्मिथ हा शिकागोंतील बांधकामावर काम करणारा मनुष्य. त्यास कवितेचा नाद होता. त्या काळीं तिकडे कवितावाचन म्हणजे कॉलेजांतील मंडळींचा कारभार. कवीनें कागदांत डोकें खुपसून हलक्या आवाजांत वाचावें, दहा-वीस ओळखीच्या लोकांनीं मान हलवावी, आणि शेवटीं टाळ्या वाजवून घरीं जावें. ऐकणाऱ्यास कंटाळा आला तरी तो त्यानें गिळावा, कारण कंटाळा येणें हें अडाणीपणाचें लक्षण ठरे! स्मिथला हें मानवेना. त्यानें १९८४ सालीं शिकागोंतच दुसऱ्या एका दारूच्या दुकानांत कवितेची बैठक सुरू केली. पुढें दोन वर्षांनीं ग्रीन मिलच्या मालकाशीं बोलून त्यानें रविवारची रात्र मागून घेतली. रविवारीं रात्रीं धंदा मंद, खुर्च्या रिकाम्या. मालकास गिऱ्हाईक हवें होतें आणि कवीस जागा हवी होती. दोघांचाही सौदा जमला. कवितेच्या ह्या झगड्यास त्यानें 'स्लॅम' असें नांव दिलें, आणि तें पुढें जगभर पसरलें.

आतां हा झगडा चालतो कसा तें पाहा. आधीं खुला माईक असतो. ज्याला कांहीं म्हणावयाचें आहे त्यानें नांव नोंदवावें आणि उभें राहावें. हमाल असो, वाढपी असो, मास्तर असो, कोणासही मज्जाव नाहीं. मग एखाद्या पाहुण्या कवीचें वाचन होतें. आणि शेवटीं खरी झुंज. तिचे परीक्षक समोरच्या गर्दींतूनच निवडतात. चालक गर्दींत हिंडतो आणि सांपडेल त्याच्या हातीं पाटी देतो. त्यानें कवितेचें पुस्तक वाचलेलें असावें अशी अट नाहीं. उलट तो कोणा कवीचा सगासोयरा नसावा एवढीच काळजी घेतात. कविता संपतांच परीक्षकानें शून्यापासून दहापर्यंत जो आंकडा मनास येईल तो पाटीवर लिहून वर धरावा. मोठ्या सामन्यांत असे पांच परीक्षक घेत. सर्वांत मोठा आंकडा आणि सर्वांत लहान आंकडा टाकून देत आणि मधल्या तिघांची बेरीज धरत. ह्यामुळें एखाद्यानें मैत्रीखातर दहा दिले किंवा आकसानें शून्य दिलें तरी त्याचें कांहीं चालत नसे. आमच्या पंचायतींनीं हा हिशेब जरूर लक्षांत घ्यावा!

नियम आणखीही आहेत. कविता स्वतःची पाहिजे, उसनी चालत नाहीं. वेळ तीन मिनिटांची. तीवर दहा सेकंदांची सवलत, आणि त्यापुढें बोलत राहिल्यास गुण कापले जातात. वाद्य नाहीं, सोंग नाहीं, हातांत कसलें सामान नाहीं. श्रीमंताच्या पोरानें भरजरी पोषाख करून यावें आणि गरिबाच्या पोरानें फाटक्या सदऱ्यानें लाजावें, असा प्रसंगच येऊं नये, हा त्याचा उपयोग. झुंज सुरू होण्यापूर्वीं एक कवी असा उभा करतात कीं ज्याची कविता स्पर्धेंत धरलेली नसते. परीक्षकांचा हात बसावा म्हणून त्याच्यावर पहिले आंकडे घालून पाहतात. ह्याला ते बळीचा कवी म्हणतात. बाजारांत तराजू लावण्यापूर्वीं दुकानदार रिकामीं पारडीं उचलून दाखवितो, तसलाच हा प्रकार.

शिवाय जमाव मुका बसत नाहीं. ग्रीन मिलचा रिवाज असा कीं कवी रटाळ बोलूं लागला तर लोकांनीं चुटक्या वाजवाव्या. तरीही तो थांबला नाहीं तर पाय आपटावे. आणि त्यानेंही भागलें नाहीं तर कण्हावें. एखाद्या पुरुषानें बाईची टिंगल करणारी ओळ म्हटली तर जमलेल्या बायका नागिणीसारख्या फुत्कारतात. आमच्याकडे किती सभांत बायकांना इतकी मोकळीक आहे, ह्याचा विचार वाचकांनीं आपल्या घरीं बसून करावा.

शिकागोचें हें बियाणें दूरवर गेलें. न्यूयॉर्क शहरांत पोर्तो रिकोहून आलेल्या कष्टकरी लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यापैकीं मिगेल अल्गारिन ह्या कवीच्या राहत्या घरांत १९७३ सालीं कवींची एक बैठक सुरू झाली होती. तिचेंच पुढें न्यूयोरिकन पोएट्स कॅफे झालें. हा अड्डा मध्यें बंद होता. तो पुन्हां उघडल्यावर तेथेंही स्लॅम सुरू झाला. तेथील वर्षाची मोठी झुंज पहिल्यानें जिंकणारा पॉल बीटी हा कृष्णवर्णी कवी; बक्षीस म्हणून त्याच्या कवितांचें पुस्तक छापण्यांत आलें. हाच पॉल बीटी पुढें कादंबरीकार झाला आणि २०१६ सालीं त्यास इंग्लंडांतील बुकर पारितोषिक मिळालें. तें मिळविणारा तो पहिला अमेरिकन. १९९० सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत साऱ्या अमेरिकेचा पहिला स्लॅम भरला, आणि तो राष्ट्रीय सामना २०१८ सालापर्यंत चालला. एका बांधकाम-मजुरानें मंद धंद्याच्या रात्रीं लावलेलें रोप इतकें वाढलें.

परंतु ह्यांत आम्हांस नवें असें काय आहे? कलगी-तुऱ्याचे फड ज्यानें ऐकले आहेत त्यास हें ऐकून हंसूं येईल. एका बाजूस तुरेवाले, शिवाची बाजू घेणारे. दुसऱ्या बाजूस कलगीवाले, शक्तीची बाजू घेणारे. डफावर थाप पडे, तुणतुणें वाजे, एकानें कूट घालावें आणि दुसऱ्यानें तें उकलावें. रात्र सरे, पहांट होई, आणि जबाब कोणास सुचला नाहीं हें पटांगणांत घोंगडी पांघरून बसलेल्या कुणब्यास कळे. त्यास कोणीं प्रमाणपत्र दिलें नव्हतें. आणि गाणारे तरी कोण होते? होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी, परशराम शिंपी, आणि सगनभाऊ तर जातीचा मुसलमान शिकलगार, हत्यारांना धार लावणारा. सोलापूरचा राम जोशी ब्राह्मण होता. त्यासही ह्याच पटांगणांत यावें लागलें. फडानें कोणास जात विचारून गुण दिले नाहींत. "मग काय झालें" ही आरोळी शिकागोच्या आधीं आमच्या मातींत होती. फक्त ती इंग्रजींत नव्हती, एवढेंच.

मग ती गेली कोठें? तर पुस्तकें छापूं लागलीं, सभा भरूं लागल्या, आणि पटांगणाची जागा व्यासपीठानें घेतली. १८८५ सालीं महादेव गोविंद रानडे ह्यांनीं मराठी ग्रंथकारांच्या सभेचें आमंत्रण जोतीराव फुल्यांस धाडलें. जोतीरावांनीं तें नाकारलें. ज्यांना सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य नाहींत त्यांच्या सभांशीं आणि पुस्तकांशीं आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाहीं, अशा आशयाचें सडेतोड उत्तर त्यांनीं लिहिलें. त्या उत्तराचा अर्थ पुष्कळांनीं केवळ राग असा घेतला. आमच्या मतें तो राग नव्हता, तो हिशेब होता. ज्या सभेंत आमचें दुःख मोजण्याचा तराजूच नाहीं, तेथें आम्हीं माल घेऊन कशाला जावें? म्हणूनच पुढें सत्यशोधकांनीं आपले जलसे वेगळे उभे केले आणि ते गांवोगांव नेले. तेथें परीक्षक गांवच होता.

आज कांहीं वेगळें आहे असें कोणीं समजूं नये. कांहीं वर्षांमागें एका तालुक्याच्या गांवीं भरलेल्या कविसंमेलनास आम्ही गेलों होतों. पहिले दोन तास शाल, श्रीफळ आणि भाषणें. मग अध्यक्षांच्या ओळखीचे कवी. मग अध्यक्षांच्या ओळखीच्यांच्या ओळखीचे कवी. गांवांतील एक लोहार सायंकाळपासून वही घेऊन मागें बसला होता. त्याचें नांव पुकारलें तेव्हां रात्रीचा साडेबाराचा सुमार. अध्यक्ष गेले होते, पाहुणे गेले होते, आणि मंडपवाला सतरंज्या गुंडाळीत होता. लोहारानें आपल्या बापाच्या हातांवरील भाजल्या डागांवर कविता म्हटली. मंडपवाला सतरंजी हातांत धरून जागच्या जागीं उभा राहिला. कविता संपल्यावर तो एवढेंच बोलला, "पुन्हां म्हणा." त्या रात्रीं त्या संमेलनांत एकच खरा परीक्षक होता, आणि त्याचें नांव निमंत्रणपत्रिकेंत छापलेलें नव्हतें.

ह्यावर विद्वानांचा आक्षेप ठरलेला आहे: गाढवाला गुळाची चव काय? अमेरिकेंतही हाच आक्षेप निघाला. येल विद्यापीठाचे नामांकित टीकाकार हॅरॉल्ड ब्लूम ह्यांनीं २००० सालीं ह्या स्लॅमास कलेचा मृत्यूच ठरवून टाकलें. मोठ्या माणसाचें मत; तें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. पण आम्ही त्यास एक साधी गोष्ट विचारतों. सुतारानें नांगर केला, तो चांगला कीं वाईट हें कोठें ठरतें? सुताराच्या ओट्यावर नव्हे, तासांत ठरतें. आणि तें ठरवितो नांगर धरणारा. गाडगें घेणारी बाई तें बोटानें वाजवून पाहते. कुंभार तिला म्हणत नाहीं कीं बाई, तुला चाकावर बसतां येत नाहीं, तुला वाजविण्याचा अधिकार काय? वहाण कोठें चावते तें पायासच कळतें, तें सांगण्यास चांभाराची दीक्षा लागत नाहीं. मग कविताच अशी कोणती जगावेगळी वस्तु आहे, कीं ती ज्यांच्यासाठीं केली त्यांनीं मात्र तोंड उघडूं नये?

जिला अक्षरओळख नव्हती त्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींचीं गाणीं त्यांच्या हयातींत घरांत आणि शेतांतच राहिलीं. १९५१ सालीं त्या वारल्या; १९५२ सालीं त्यांच्या मुलानें व आचार्य अत्र्यांनीं खटपट करून तीं पुस्तकरूपानें बाहेर आणलीं, आणि मग साऱ्या महाराष्ट्रानें तोंडांत बोट घातलें. त्यांच्या शेजारच्या बायकांना तीं गाणीं आधींपासून आवडत होतीं, पण शेजारच्या बायकांचें मत हें मत नव्हे! जात्यावरच्या ओव्यांचेंही तेंच. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं खेडोपाडीं फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! आणि तरीही आमच्या घरांत म्हणतात कीं कविता हें शिकलेल्यांचें काम.

येथपर्यंत आम्ही स्लॅमाची बाजू घेतली. आतां त्याचे दोष सांगतों, कारण परक्याची वस्तु डोळे मिटून उचलणें हा गुलामीचाच दुसरा प्रकार आहे.

पहिला दोष असा कीं, तीन मिनिटांत जमाव जिंकायचा म्हटलें म्हणजे जो मोठ्यानें ओरडतो तो पुढें जातो. हळू बोललेली खरी गोष्ट मागें पडते. त्या लोकांनींच एक खोड ओळखली आहे: रात्र चढत जाते तसतसे आंकडेही चढत जातात. आधीं म्हणणारा चांगला असूनही सातावर राहतो आणि शेवटचा सामान्य असूनही नवावर जातो. परीक्षक अप्रामाणिक नसतात. जमाव तापतो, त्याबरोबर तराजूही तापतो. दुसरा दोष ह्याहून खोल आहे. कोणत्या दुःखास टाळ्या पडतात हें कवीस कळूं लागलें म्हणजे तो तेंच दुःख दर आठवड्यास बाजारांत मांडूं लागतो. पहिल्या दिवशीं तें रडणें असतें, दहाव्या दिवशीं तो धंदा होतो. आपल्या बापाच्या कर्जावर जो मुलगा टाळ्या मिळवितो, त्यानें घरीं येऊन बापाकडे पाहावें आणि स्वतःस विचारावें कीं हें मी सांगितलें कीं विकलें?

ह्याचें कारण आमच्या समजुतीप्रमाणें असें आहे. शाहिराच्या फडांत समोर जमाव असे, तसा पाठीशीं वस्तादही असे. जमाव सांगे कीं वहाण चावते. ती कशी शिवावी हें वस्ताद सांगे. चेला वर्षानुवर्षें वस्तादापाशीं बसे, झीलकऱ्यांत उभा राही, मात्रा चुकली तर बोलणीं खाई, आणि मग एक दिवस त्यास डफ मिळे. स्लॅमानें जमाव आणला, पण वस्ताद त्याच्या नियमांत कोठें नाहीं. नुसता वस्ताद असला म्हणजे मठ होतो, नुसता जमाव असला म्हणजे बाजार होतो. पायानें तक्रार करावी आणि हातानें शिकावें, दोन्ही हवींत. हॅरॉल्ड ब्लूम ह्यांना हात तेवढा दिसला. स्लॅमवाल्यांना पाय तेवढा दिसला. आम्हांस दोन्ही दिसले पाहिजेत, कारण आम्ही हातानें पोट भरणारे लोक आहों.

तिसरा दोष दारूचा, आणि येथें आम्ही आडपडदा ठेवणार नाहीं. कोणी म्हणेल, तिकडे मजुरांची बसण्याउठण्याची जागाच ती. कविता मजुरांत न्यावयाची तर तेथें नेली पाहिजे. हें तिकडच्यापुरतें खरें असेल. पण व्यवहार पाहा. गुत्त्याचा मालक जागा फुकट देतो, दिवे देतो, माईक देतो. तो पैसे कोठून काढतो? प्याल्यांतून. म्हणजे कवितेची दिवाबत्ती कोणाच्या तरी घरच्या चुलीवर चालते. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळांत ह्याच ग्रीन मिलमध्यें अल कपोन ह्या कुप्रसिद्ध गुंडाच्या टोळीचा वावर होता. भिंती त्याच, नंतर त्यांत कविता आली. कवितेनें भिंती धुतल्या म्हणावें, तरी गल्ला तोच राहिला.

आतां आमच्याकडेही मुंबई-पुण्यास अशा खुल्या माईकच्या रात्री होऊं लागल्या आहेत. कांहीं चहा-कॉफीच्या दुकानांत होतात, कांहीं बारमध्यें. शहरांत शिकावयास गेलेली आमचीं मुलें तेथें जातात, आणि तीं जातात ह्यांत आम्हांस वाईट वाटत नाहीं; आपलें म्हणणें ऐकणारें कोणीतरी मिळावें ही भूक वाईट नव्हे. पण ज्या गांवांतील बायकांनीं मतदान करून बाटली आडवी केली, त्या गांवच्या पोरास आपली कविता म्हणण्यासाठीं उभ्या बाटलीच्या दुकानांत जावें लागावें, ही लाज पोराची नसून गांवाची आहे. गांवानें त्यास जागा दिली नाहीं म्हणून तो तेथें गेला. आणि त्याची बहीण? ती तर तेथेंही जाऊं शकत नाहीं. तिची वही पेटींत लुगड्याखालीं राहते.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, गुत्ता त्यांचा त्यांना लखलाभ असो; रीत तेवढी आपण घ्यावी, कारण ती मुळांत आपलीच आहे. हें करण्यास मोठा खर्च नाहीं. आठवड्यांतील एक रात्र ठरवावी. बाजाराच्या दिवसाची संध्याकाळ सर्वांत बरी, कारण माणसें आधींच जमलेलीं असतात. जागा चावडीची, शाळेच्या ओसरीची किंवा समाजमंदिराची घ्यावी. जेथें गांवांतील एकाही घरास येण्याची अडचण वाटेल अशी जागा घेऊं नये. दिवाबत्तीसाठीं घरटीं कांहीं नाणीं काढावीं, कोणा पुढाऱ्याच्या पैशावर सभा चालवूं नये. जो तेल घालतो तो वात आपल्याकडे ओढतो. प्यावयास पाणी, फार तर चहा.

अध्यक्ष नको, शाल नको, श्रीफळ नको, आणि प्रास्ताविक तर मुळींच नको. ज्यास म्हणावयाचें आहे त्यानें नांव सांगावें, गांवानें मनांत "मग काय झालें" म्हणावें, आणि त्यानें सुरू करावें. वेळ घड्याळावर, सरपंचासही तीनच मिनिटें. परीक्षक पांच, जमलेल्यांच्या नांवाच्या चिठ्ठ्या टाकून काढावे, आणि त्यांत निदान दोन बायका असाव्या. मोठा आंकडा आणि लहान आंकडा टाकून द्यावा, म्हणजे भाऊबंदकीची खोड तेथल्या तेथें मोडेल. कोणाच्या जातीची किंवा बाईमाणसाची टिंगल झाली तर जमलेल्यांनीं फुत्कारून ती थांबवावी. कोतवाल बोलावण्याची गरज नाहीं.

आणि आंकडे झाल्यावर, सभा मोडण्यापूर्वीं, अर्धा तास वस्तादाचा ठेवावा. गांवांत एखादा जुना भजनी असेल, भेदिक गाणारा असेल, ओव्या येणारी म्हातारी असेल, शाळेचा एखादा कळकळीचा मास्तर असेल. त्यांनीं हरलेल्यास जवळ बसवून सांगावें कीं बाळ, तुझी तिसरी ओळ कां पडली. जिंकलेल्यासही सांगावें कीं तुझ्या कोणत्या ओळीवर लोक फसले. हा अर्धा तास शिकागोस सुचला नाहीं. तो आमच्याकडून त्यांनीं घ्यावा. एका मुलीनें वहींत सगळें उतरून ठेवावें. वर्षभरानें ती वही उघडून पाहावी म्हणजे गांवास कळेल कीं आपल्या घरांत काय काय दडलें होतें.

कोणी म्हणेल, ह्यानें शेतमालास भाव येणार आहे काय? पोटाचा प्रश्न सुटणार आहे काय? नाहीं सुटणार. पण जो मनुष्य आपल्या दुःखाची कविता चार माणसांपुढें उभा राहून म्हणूं शकतो, तो उद्यां आपल्या दुःखाची तक्रार मामलेदाराच्या टेबलापुढेंही म्हणूं शकतो. आणि ज्या गांवानें तीन मिनिटें गप्प बसून आपल्या लोहाराचें ऐकलें, पाटी वर धरून निर्भीडपणें आपलें मत दिलें, त्या गांवास मत देतांना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची संवय राहत नाहीं. दुसऱ्यानें चांगलें म्हटलें म्हणून चांगलें म्हणणें, आणि दुसऱ्यानें मान हलविली म्हणून मान हलविणें, ह्या खोडीनें आमचें जितकें नुकसान केलें तितकें दुष्काळानेंही केलें नसेल.

शिकागोच्या त्या मजुरानें परवानगी मागितली ती फक्त एका रिकाम्या रात्रीची. आमच्या गांवांत रिकाम्या रात्रींस तोटा नाहीं. येत्या बाजाराच्या दिवशीं ज्याच्या घरीं वही आहे त्यानें ती घेऊन चावडीवर यावें, आणि ज्याच्या घरीं वही नाहीं त्यानें कान घेऊन यावें. पारख करण्यास तेवढें पुरे.